विश्राम मास्तरांचे पाय

विश्राम मास्तरांचा मला मत्सर वाटत असे. हे वाक्य आधीच लिहून टाकतो. वाचणाऱ्याने पुढच्या मजकुरातून योग्य ती वजावट करून घ्यावी.

ते शिंपी होते. रत्नागिरीच्या रामआळीत, भांड्यांच्या दुकानाला लागून, आठ फूट बाय दहा फुटांची त्यांची जागा होती. मी बांधकाम खात्यात अभियंता होतो. नोकरीला लागलो तेव्हाची माझी विजार त्यांनी शिवली आणि निवृत्तीच्या समारंभात घातलेलीही त्यांनीच शिवली. मधल्या तेहतीस वर्षांत आमचे बोलणे ‘कधी मिळेल?’ आणि ‘शनिवारी’ यापलीकडे गेले नाही. त्यांचा शनिवार कधीही शनिवारी येत नसे. ते मला साहेब म्हणत, मी त्यांना मास्तर म्हणत असे. या व्यवस्थेत मला खटकण्यासारखे काही नव्हते. ती बिघडली सायकलमुळे.

आता ते मुंबईला मुलाकडे असतात. दुकानात दुसरा शिंपी बसतो. तो वेळेवर कपडे देतो.

मास्तर माझ्याहून दोन वर्षांनी मोठे. अंगाने किरकोळ, उंचीने बेताचे. गळ्यात मापाची फीत, कानामागे निळ्या खडूचा तुकडा. ही फीत आणि खडू त्यांच्या अंगावरून उतरलेले मी पाहिले नाहीत. लग्नाच्या पंगतीतही नाहीत. पायांत वहाण नसे. आळीतल्या सगळ्या शिंप्यांनी मशीनला मोटर बसवली, तरी मास्तरांचे मशीन पायाचेच राहिले. विजेची फुकट सवलत नाकारावी तशी त्यांनी मोटर नाकारली होती. सायकलीमुळे बोलणे वाढल्यावर मी एकदा कारण विचारले.

“मोटर कापडाला विचारत नाय, साहेब. दाबली की धावते,” ते म्हणाले. “कापड सांगत असतं, इथं हळू, इथं जा आता. ता ऐकायला पाय लागतात.”

विजार होईपर्यंत बाकावर बसून राहण्याची वेळ माझ्यावर पुष्कळदा आली. समोर दुसरे पाहण्यासारखे नसल्याने मी त्यांचे पाय पाहत असे. उजवे पाऊल पुढे, डावे अर्धी वीत मागे. गुडघे जवळजवळ स्थिर. डोलत ते फक्त घोटे: टाच खाली, चवडा वर, चवडा खाली, टाच वर. कुठेही धक्का नाही. ज्याने पायमशीन चालवले आहे त्याला ठाऊक असेल की चाक मध्येच अडले तर ते उलटे फिरते आणि दोरा तटकन तुटतो. मास्तरांचा दोरा तुटल्याचे मला आठवत नाही. त्या वेळी मला या पायांविषयी काहीही वाटले नव्हते. पंख्याच्या पात्यांकडे पाहावे तसे मी पाहिले होते.

निवृत्तीनंतर रक्तात साखर निघाली. डॉक्टरांनी चालायला सांगितले. चालणे मला कंटाळवाणे वाटते, म्हणून मी गिअरची सायकल घेतली आणि कोणत्याही कामापूर्वी करतो तसा अभ्यास केला. पुढच्या दात्यांना मागच्या दात्यांनी भागून येणारी गुणोत्तरे वहीत मांडली. त्यातले तत्त्व सोपे आहे. मागचे दातेरी चाक जितके मोठे, तितका पायाला भार कमी आणि चढ सोपा. जितके लहान, तितका वेग जास्त आणि पायावर ओझेही जास्त. हे मला पुरते समजले होते. ते मुद्दाम सांगून ठेवतो.

आमचा तिघांचा गट झाला. दातांचे डॉक्टर सामंत, बँकेतून निवृत्त झालेले लिमये आणि मी. रविवारी सकाळी सहाला मारुती मंदिराच्या चौकात जमायचे. शिरगाव, बसणी, आरे, आणि मग वारेचा चढ. चढाच्या माथ्यावर शहाळ्याची गाडी उभी असते, तिथून परत. हा चढ माझ्या ओळखीचा होता. नोकरीच्या सुरुवातीला मी त्याची मोजणी केली होती. दुसऱ्या वळणापाशी तो बारास एक आहे. बारा फूट पुढे गेले की एक फूट वर. हा चढ एकदा पाय न टेकता, आणि सर्वांच्या आधी चढायचा, एवढीच माझी निवृत्तीनंतरची महत्त्वाकांक्षा होती. ती लहान आहे हे मला कळते.

सामंत आणि लिमये यांची मला चिंता नव्हती. ते पहिल्याच वळणावर उतरून गप्पा मारीत सायकली ढकलत. मी दुसऱ्या वळणापर्यंत जात असे. एका रविवारी तिथे पायडलवर उभा राहून, सर्व अंगाचा भार एकेका पायावर टाकीत मी झगडत होतो. माझी चेन करकरत होती. तेवढ्यात मागून दुसऱ्या चेनचा आवाज आला. बारीक, एकसारखा, जवळजवळ झोप आणणारा. बाजूला विश्राम मास्तर दिसले. विजारीच्या डाव्या पायाला कपडे वाळत घालण्याचा चिमटा लावलेला, हँडलला शिवलेल्या कपड्यांची पिशवी, कानामागे खडू. ते बसलेलेच होते. पाय झरझर फिरत होते आणि सायकल संथ चालली होती.

“सकाळ झाली ओ, साहेब,” ते म्हणाले. “नेवऱ्याला भैणीकडे चाललोय. तिच्या सुनेचे ब्लाऊज हायत.”

एवढे लांब वाक्य त्यांनी बारास एकच्या चढावर, श्वास न लागता पुरे केले. ‘बरे’ असे एका शब्दाचे उत्तर द्यायलाही माझ्यापाशी श्वास नव्हता. मी पाय टेकला. ते वळणाआड गेले.

सायकल त्यांच्या मुलाची होती. मुंबईत त्याने हौसेने घेतली, महिना-दोन महिने वापरली आणि कंटाळून एसटीच्या टपावरून बापाकडे पाठवून दिली. मास्तरांना गिअरचे आकडे ठाऊक नव्हते. त्यांनी आपली नावे ठेवली होती. सर्वांत हलक्या गिअरला ते ‘बारीक टाका’ म्हणत, जड गिअरला ‘धावदोरा’. सपाटीला धावदोरा, चढाला बारीक टाका. एवढेच त्यांचे शास्त्र. लिमये माणसे जमवणारे. त्यांनी माथ्यावर मास्तरांना शहाळे पाजले आणि पुढच्या रविवारी आम्ही चौघे झालो. मला कोणी विचारले नाही.

पुढचे दोन महिने त्या माणसाने आम्हा तिघा शिकलेल्यांना सायकल शिकवली. शिकवतो आहे असे त्यांना वाटत नव्हते, हे त्यातले सर्वांत असह्य.

लिमयांची कंबर दुखत असे. चौकात एका सकाळी मास्तरांनी त्यांना सायकलवर बसवले, बाजूने एक फेरी मारली आणि म्हणाले, “लिमयेसाहेब, तुमची आतली लांबी अठ्ठावीस. ही सीट तिसाच्या माणसाची हाय.”

आतली लांबी म्हणजे जांघेपासून घोट्यापर्यंतचे माप. विजार त्यावर बेतली जाते. सायकलची सीट किती उंच हवी तेही त्यावरच ठरते, हे पुस्तकात वाचून मला माहीत होते. मास्तरांना ते न वाचता कळले होते. आळीत त्यांच्याकडे चाळीस वर्षांची मापे होती आणि ती काढायला त्यांना वही उघडावी लागत नसे. गळ्यातली फीत काढून त्यांनी पायडलपासून सीटपर्यंत मोजले, सीट खाली घेतली. मग सामंतांची वर केली. मग माझ्याकडे वळले.

“माझी सूत्राप्रमाणे लावलेली आहे,” मी म्हणालो.

“साहेबांची साडेअठ्ठावीस.”

“तीस.”

“तीस तुम्ही सांगता, साहेब. मी साडेअठ्ठावीस शिवतो. तेहतीस वर्षं.”

लिमये हँडल धरून हसले. “अहो मुळ्ये, म्हणजे सरकारी कागदावर उंची कितीची लिहिलीत?”

सामंत म्हणाले, “मास्तर, आता यांची कंबरही सांगून टाका.”

“कंबर नाय सांगायची कुणाची,” मास्तर गंभीरपणे म्हणाले. “लांबी देवानं दिलेली असते. कंबर ज्याची त्यानं केलेली.”

मी सीटला हात लावू दिला नाही. घरी गेल्यावर मात्र पान्याने ती सव्वा इंच खाली घेतली. तिसऱ्या दिवशी गुडघ्यामागची ओढ थांबली. उरलेला पाव इंच मी उतरवला नाही. माणसाने काहीतरी राखावे.

दुसरा त्यांचा उद्योग खडूचा. निघण्यापूर्वी ते प्रत्येकाच्या पायडलवर खडू घासत आणि माथ्यावर पोहोचल्यावर बुटांचे तळवे दाखवायला लावत. निळी खूण जिथे उठली असेल तिथे पायडल बसले. ती चवड्याखाली, अंगठ्याच्या मुळाशी उठायला हवी. माझी तळव्याच्या मधोमध उठत असे. “मधल्या पायानं दाबलं की घोटा मुका होतो,” ते म्हणत. “घोटा बोलला पायजे.” आणि मग ते शहाळेवाल्याच्या खोक्यावर बसून हवेत पाय फिरवून दाखवत. वरून खाली दाबायचे, हे तर कोणीही करतो. तळाशी आल्यावर चिखल पायरीला पुसावा तसे पाऊल मागे ओढायचे, आणि वर येणारा पाय खाली जाणाऱ्याच्या वाटेत ओझे होऊ द्यायचा नाही. म्हणजे चक्र पुरे होते. “चाकाला ढकलायचं नाय. चाकाला इसरू द्यायचं नाय, बस.”

शहाळेवाला कोयता थांबवून ते ऐकत असे. त्याच्याकडे सायकल नव्हती.

माझा मुख्य दोष त्यांनी न पाहता ओळखला. चढावर ते पुढे होते, मी मागे. माझ्या चेनने कडाड आवाज केला. मान न वळवता ते म्हणाले, “साहेब, चढ लागल्यावर गिअर बदलता तुम्ही. चढ दिसल्यावर बदला.” माथ्यावर त्याचे स्पष्टीकरणही दिले. कॉलरचे टोक यायच्या चार टाके आधी पाय मंदावतो. टोकावर मंदावला तर सुई मोडते. चढाच्या आधीच बारीक टाका घ्यावा, पायांत जोर आहे तोवर. जोर संपल्यावर घेतलेला गिअर म्हणजे बुडताना शिकलेले पोहणे.

म्हणणे बरोबर होते. मी ते मानले नाही. इतरांसमोर बरोबर असणाऱ्या माणसाचे ऐकणे मला कधी जमलेले नाही. खात्यात त्याचे पुरावे आहेत. आठवड्यातल्या मधल्या दिवशी, एकटा असताना, मी भाट्याच्या पुलापलीकडे जाऊन त्यांच्या सांगण्याप्रमाणे सराव करीत असे. एक पाय पायडलवरून काढून दुसऱ्याच पायाने शंभर फेऱ्या. घोट्याकडे लक्ष. मग पाय बदलून पुन्हा शंभर. जमत असे, दहा-वीस फेऱ्यांपुरते. मग पाय पुन्हा माझे होत, आणि दाबू लागत.

माझ्या पत्नीला सायकलीतले काही कळत नाही. ती आळीत ब्लाऊजचे माप द्यायला गेली होती. परत येऊन म्हणाली, “मास्तर काल वारेला जाऊन आले म्हणे. चेहऱ्यावर दिसत नाही. तुम्ही येता तेव्हा सायकलशी भांडून आल्यासारखे दिसता.”

मी वर्तमानपत्र वाचीत होतो. वाचीत राहिलो.

गणपतीनंतरची एक संध्याकाळ. मास्तर आमच्या घरी आले. तेहतीस वर्षांत प्रथमच. पडवीत खुर्ची दिली तरी ते पायरीवरच बसले. चिंधीत गुंडाळलेली वस्तू त्यांनी उलगडली. त्यांच्या सायकलच्या मागच्या दात्यांचा संच होता. दाते झिजून टोकदार झाले होते. चेन घसरू लागली होती.

“बदलायला सांगितलान सायकलवाल्यानं. त्याच्याकडे दोन प्रकारचे हायत,” ते म्हणाले आणि खिशातून कागद काढला. एका संचाचे सर्वांत मोठे चाक चौतीस दात्यांचे, दुसऱ्याचे पंचवीस. दोन्ही त्यांच्या सायकलला बसत होते. जुना संच चौतीसचा होता. त्यांनी त्याचे दाते मोजले नव्हते, आणि आकड्याचे त्यांना काही वाटतही नव्हते. त्यांचा बारीक टाका म्हणजे हेच चौतीस दाते.

“कुठला घेऊ? आकडे तुमचे, साहेब. मी शिंपी.”

मला ती वही आठवली. सर्व गुणोत्तरे मला पाठ होती. पंचवीसच्या चाकावर वारेचा चढ म्हणजे दर फेरीला गुडघ्यावर किती भार, याचा अंदाज करायला मला कागदही लागत नव्हता. त्यांच्या वयाला, त्यांच्या अंगकाठीला, चढाच्या रस्त्याला कोणता योग्य, याविषयी कोणाही जाणत्या माणसाला दुमत झाले नसते.

“पंचवीसचा घ्या,” मी म्हणालो.

“चढाला?”

“तुमचे पाय आता तयार झाले आहेत. मोठे चाक नवशिक्याला लागते.”

ते क्षणभर कागदाकडे पाहत राहिले. मग घडी करून तो खिशात ठेवला. “तुम्ही म्हणता तर मंग झालंच.” पत्नीने आणलेले कोकम सरबत ते उभ्यानेच प्यायले, भांडे स्वतः विसळून पालथे घातले आणि गेले. माझी सायकल तिथेच, त्यांच्यापासून तीन हातांवर, भिंतीला टेकलेली होती. मागचे चाक चौतीसचे. त्यांनी मोजले असते तर कळले असते. त्यांनी मोजले नाही. मी दिलेले कापड त्यांनी आजवर कधी मोजून घेतले नव्हते.

ते फाटकाबाहेर गेल्यावर पत्नीने विचारले, “तुमच्या सायकलला कितीचे आहे?”

“जेवणाची पाने घे,” मी म्हणालो.

दिवाळीआधीच्या रविवारी मी वारेच्या माथ्यावर पहिला पोहोचलो. दुसऱ्या वळणावर पाय टेकला होता, तरीही पहिला. वरून खाली पाहिले. मास्तर येत होते. खांदे दोन्ही बाजूंना झुलत होते. दर फेरीला उजवा गुडघा आत वळून पुन्हा बाहेर येत होता. त्यांचे पाय काम करताना मी प्रथमच पाहत होतो; तोवर ते फक्त फिरत असत. तोंड उघडे होते. चेनचा आवाज माझ्या चेनसारखा येत होता.

वर आल्यावर त्यांनी सायकल टेकवली, फितीच्या टोकाने कपाळ पुसले आणि म्हणाले, “नवी कात्री हाय. हात बसायला येळ लागणार.” मग शहाळेवाल्याला सांगितले, “साहेबांना चांगलं मलईचं काढ. आज त्यांचा पाय लागला.”

ते शहाळे मी प्यायलो.

त्या दिवसापासून शिमग्यापर्यंत दर रविवारी मीच पहिला होतो. सामंत, लिमये मला मानू लागले. लिमयांनी एकदा मास्तरांना विचारलेही, “काय मास्तर, वय झालं की काय?” मास्तर म्हणाले, “माझं मशीन जड झालंय ओ. साहेब बोलले, तयार पाय हायत. म्हणजे माझंच कुठंतरी चुकतंय.” आणि ते स्वतःचे चुकते कुठे ते शोधू लागले. सीट सुतभर वर केली, सुतभर खाली केली. खडू लावून स्वतःचे तळवे तपासले. टाच थोडी अधिक खाली नेऊन पाहिली. दर आठवड्याला एक नवा बदल. यंत्र चुकीचे आहे हे त्यांच्या मनात आले नाही, कारण ते एका जाणत्याने निवडून दिले होते.

मला समाधान झाले का, असे कोणी विचारील. झाले, पण पुरते नाही. त्याचे कारणही लिहितो. त्या सर्व महिन्यांत, त्या जड चाकावर, मास्तरांनी एकदाही पाय टेकला नाही. ते सर्वांच्या मागून आले, वेदनेने आले, पण बसून आले आणि एका दमात आले. मी हलक्या चाकावर, पहिला येऊनही, बहुतेक रविवारी एकदा टेकत असे. हे फक्त मला दिसत होते. माझा मत्सर कमी व्हायला हवा होता. तो वाढला.

शिमग्यानंतर मास्तर आले नाहीत. एक रविवार, दोन, तीन. चौकात लिमये म्हणाले, “गुडघा गेला त्यांचा. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, आतली गादी झिजली. सायकल बंद. आणि पायमशीनही बंद.”

“पायमशीन?” सामंत म्हणाले. “मग खाणार काय?”

मी गिअर नीट पडतो की नाही ते पाहत होतो.

त्या दिवशी वारेला गेलो नाही. आळीत गेलो. विजार दुरुस्तीला टाकायची होती. ती टाकण्याइतकी जुनी नव्हती. मास्तर मशीनशेजारी बाकावर बसले होते, उजवा पाय समोरच्या स्टुलावर पसरलेला, मांडीवर कोणाचा तरी सदरा. हाताने काज करीत होते. मशीनवर झाकण घातलेले होते. दुकानात आवाज नव्हता. आळीतल्या बाकीच्या मोटरींचा तेवढा येत होता.

“या साहेब. उठत नाय, रागावू नका.”

मी विजार दिली. त्यांनी ती बोटांत चोळून पाहिली आणि बाजूला ठेवली. कशासाठी आणली ते विचारले नाही. मी उभाच होतो. तोंडातले वाक्य मी घरून बांधून आणले होते आणि ते तसेच उच्चारले.

“मास्तर, त्या दात्यांच्या बाबतीत माझा सल्ला चुकला.”

त्यांनी दोरा दाताने तोडला. सुईत पुन्हा ओवला. पहिल्याच खेपेला.

“चुकला नव्हता, साहेब,” ते म्हणाले. “आकड्यांत तुम्ही चुकत नाय.”

आळीतून कोणीतरी भांड्यांची हातगाडी नेली.

“सायकल विकायला गेलो तेव्हा सायकलवाल्यानं सांगितलान,” ते म्हणाले. “बोलला, हा संच तुला कुठल्या वैऱ्यानं सुचवला? मी बोललो, माझं मीच घेतलं.”

“मास्तर—”

“खरंच तसं हाय ओ. कापड कुणीही आणून देईल. कापायच्या आधी अंगाला लावून बगायचं काम शिंप्याचं. मी लावून नाय बगितलं. माप चुकलं की दोष शिंप्याचा, गिऱ्हाइकाचा नाय.” ते काजाचा दुसरा टाका घालू लागले. “आणि चढ तुम्हाला पायजे होता. मला दिसत होतं ता. मला काय, मी भैणीकडे जात होतो.”

त्यांच्या स्वरात राग असता तर मला सोपे गेले असते. रागाला उत्तर देण्याचा मला तेहतीस वर्षांचा सराव होता. मी पायरी उतरलो तेव्हा मागून आवाज आला.

“साहेब, सीट अजून पाव इंच वर हाय. उतरवा. गुडघा एकदा गेला की मिळत नाय.”

ती मी त्याच दिवशी उतरवली.

वारेचा चढ मी अजून चढतो. चढ दिसल्यावर गिअर बदलतो, लागल्यावर नाही. आरेचा सपाट रस्ता संपायच्या आधीच चेन मागच्या मोठ्या चाकावर गेलेली असते. चवडा पायडलवर, घोटा मोकळा, तळाशी पाऊल मागे. पाय टेकत नाही. सामंत आणि लिमये अजून पहिल्या वळणावर उतरतात. मी पहिला येतो. मागे कोणी नसताना पहिले येणे अवघड नाही. शहाळेवाला विचारतो, मास्तर कुठे असतात. मी सांगतो, मुंबईला.

त्यांना मी शेवटचे पाहिले ते मुंबईला जाण्याच्या महिनाभर आधी, गणपतीच्या आदल्या आठवड्यात. आळी कपड्यांनी आणि माणसांनी भरली होती. गर्दीमुळे मी सायकलवरून उतरून ती हातात धरून चाललो होतो. मास्तरांच्या दुकानासमोर थांबावे लागले. ते मशीनवर बसले होते. मशीनला मोटर बसवली होती; बाजूला नवी, चकचकीत, मुठीएवढी. खालचे मोठे चाक आणि पायडल काढलेले नव्हते, पण ते चाक मशीनला जोडणारा कातडी पट्टा काढून खुंटीला टांगला होता. मोटर चालवायची कळ त्यांनी गुडघ्याऐवजी डाव्या कोपराशी लावून घेतली होती. समोर लाल ब्लाऊजचा ढीग. मान खाली. त्यांनी मला पाहिले नाही. मी हाक मारली नाही.

मोटर आपल्या मर्जीने धावत होती आणि थांबत होती. खाली, पट्टा नसलेल्या पायडलवर, त्यांचे दोन्ही पाय होते. उजवे पुढे, डावे अर्धी वीत मागे. टाच खाली, चवडा वर; चवडा खाली, टाच वर. शिवणाऱ्या सुईशी त्यांचा काही संबंध उरला नव्हता. गळा शिवताना ते टोकाच्या आधी मंदावले. टोक गेल्यावर पुन्हा पहिल्या लयीत आले.

मी मोजले. एकही फेरी लहानमोठी नव्हती.

मागच्याने घंटी वाजवली तेव्हा पुढे निघालो.